चवथीच्या नेवऱ्या आणि सहा महिन्यांचे पथ्य

प्रश्न (फोंडा)
मार्चपासून मी आहार आटोक्यात ठेवला असून साडेपाच किलो वजन उतरले आहे. दुपारी उकड्या तांदळाचा मोजका भात आणि हुमण किंवा मुगागाठी, रात्री नाचणीची भाकरी आणि भाजी, गोड पूर्ण बंद, असा क्रम आहे. आता चवथ तोंडावर आली आहे आणि आमच्या मूळ घरी पाच दिवसांचा गणपती असतो. गेल्या वर्षी पथ्य चालू असतानाच एक नेवरी (तळलेली करंजी) खाल्ली, ‘आता मोडलेच आहे’ असे मनात आले, आणि तिथून सुरू झालेले खाणे दिवाळीच्या फोवांपर्यंत थांबले नाही. या वेळी गोडाला हातच लावू नये, की थोडी मोकळीक घ्यावी?

उत्तर (डिचोली)
ताई, गेल्या वर्षीचे नुकसान त्या एका नेवरीने केले नाही, तिच्यानंतरच्या दोन महिन्यांनी केले. हर्मन आणि मॅक या मानसशास्त्रज्ञांनी १९७५ साली केलेल्या प्रयोगात काही जणींना आधी मिल्कशेक देऊन नंतर हवे तितके आइस्क्रीम खाऊ दिले. एरवी मनसोक्त खाणाऱ्यांनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्ले. जेवणावर सतत लगाम ठेवणाऱ्यांनी मात्र उलट जास्त खाल्ले. ‘मोडलेच आहे’ हा विचार तुमच्या एकटीचा नाही.

हिशेबही पाहा. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७,७०० कॅलरी, तेवढ्या गरजेपेक्षा जास्त खाल्ल्या तर ती साठते; दोन नेवऱ्यांनी ते होत नाही. सणाच्या दुसऱ्या दिवशी काटा किलोभर वर दिसतो तो मुख्यतः पाण्यामुळे, कारण शरीर पिठूळ-गोड पदार्थांतली साखर साठवताना तिच्यासोबत सुमारे तिप्पट पाणी धरून ठेवते, आणि खारट खाण्याने त्यात भर पडते. म्हणून त्या पाच दिवसांत वजन करूच नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

उत्तर (म्हापसा)
मोकळीक घ्यावी, पण ‘रविवारी सगळे माफ’ अशी नव्हे. मी वर्षभर तसे करून पाहिले. सहा दिवस रोज ५०० कॅलरी कमी खाल्ल्या तर ३,००० वाचतात, आणि सकाळी भाजीपाव नि मिरची भजी, दुपारी तळलेल्या विसवणासह (सुरमईसह) भरपेट थाळी, संध्याकाळी दोदोल ही गोड वडी असा दिवस गेला की त्यातले बहुतेक संपते. त्याहून वाईट म्हणजे उरलेले सहा दिवस रविवारची वाट पाहण्यात जातात. आता मी एवढेच ठरवले आहे की जे चुकले तर खरोखर हळहळ वाटेल तेच खायचे. पाहुण्यांकडची बिस्किटे आणि फरसाण मी नम्रपणे नाकारतो. हळदीच्या पानातली आईच्या हातची पातोळी मात्र ताटात घेऊन, बसून, सावकाश खातो. ती वाफवलेली असते, तळलेली नव्हे, हाही तिचा गुण. नेवरी हवीच असेल तर ती जेवणानंतर घ्या, उपाशीपोटी डब्यासमोर उभे राहून नको.

उत्तर (मडगाव)
वरील सल्ला निरोगी माणसासाठी योग्य आहे, पण वाचणाऱ्यांत मधुमेही असतील म्हणून लिहिते. गोड खाल्ले म्हणून पुढचे जेवण टाळून भरपाई करू नये. ग्लिमेपिराइडसारखी मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. सणाआधी डॉक्टरांशी बोलून घ्यावे. मणगणे या खिरीत चणाडाळ असली तरी गूळही भरपूर असतो, तेव्हा ‘गूळ चालतो’ या समजुतीवर विसंबू नये.

प्रश्नकर्ती (फोंडा)
सर्वांचे मनापासून आभार. मला मधुमेह नाही. पहिल्या दिवशी दोन पातोळ्या आणि विसर्जनाच्या दिवशी एक नेवरी, एवढे मी आजच ठरवले आहे; खतखते (मिश्र भाज्यांची भाजी) पोटभर खाईन. वजनकाटा आजच माळ्यावर ठेवते आणि वहिनीला आधीच फोन करून सांगते की वाढताना आग्रह करू नकोस.