सरांच्या नावानं पुरस्कार द्यायचाय, एनएसएसच्या (राष्ट्रीय सेवा योजनेच्या) पोरांसाठी. कुणी असं काही चालवलंय काय?

वडगावकर_माजी_स्वयंसेवक:
नमस्कार मंडळी. आमच्या बेळगावच्या कॉलेजात एनएसएसचे प्रोग्राम ऑफिसर होते ते सर मागच्या वर्षी गेले. घरची भाषा कन्नड, पण आमच्याशी मराठीच बोलायचे, पोरींना पण "तू कधी आला" असं विचारायचे आणि कुणी हसलं तर स्वतः पण हसायचे. आम्ही जुन्या बॅचच्या पोरापोरींनी मिळून दोन लाख जमवलेत. कल्पना अशी की दरवर्षी एका विद्यार्थ्याला किंवा विद्यार्थिनीला द्यायचं, जो नुसता कॅम्पला हजर नव्हता तर ज्यानं स्वतः पुढं होऊन चार जणांना कामाला लावलं. आता ग्रुपवर दोन पार्ट्या पडल्यात. एक म्हणते २४ सप्टेंबरला एनएसएस दिनाला कार्यक्रम घ्या, शाल, मोमेंटो, चेक, पाहुणे, संपलं. दुसरी म्हणते शाल बिल काय नको, त्या पोराला पुढच्या वर्षी जे काम करायचंय त्याला पैसे द्या. मी दुसऱ्या बाजूचा आहे पण वयस्कर मंडळी ऐकत नाहीत. आणि पैसे ठेवायचे कुठं, ट्रस्ट काढायचा की कॉलेजातच दत्ती (मुद्दल कायम ठेवून व्याज वापरायचा निधी) ठेवायची? निवड कुणी करायची? अनुभव असेल त्यांनी सांगा की.

खानापूर_टॅक्सवाला:
आधी पैशाचं बघा, बाकी नंतर. दोन लाखासाठी ट्रस्ट काढू नका. डीड, पॅन, दरवर्षीचे हिशेब, हे सगळं बघणारा माणूस पाच वर्षांनी पुण्याला किंवा बंगळूरला गेलेला असतो. दोन लाखावर सात टक्क्यांनी धरलं तरी वर्षाला १४ हजार व्याज, त्यातलं निम्मं ट्रस्टच्या कागदातच जाईल. कुणा एकाच्या नावावर एफडी तर अजिबात नको, व्याज त्याच्या उत्पन्नात धरलं जातं आणि उद्या त्याचं काही बरंवाईट झालं तर वारसांच्या मागं लागा. कॉलेज चालवणारी संस्था दत्ती घेत असेल तर तिथंच ठेवा. पण नियम लेखी करून घ्या, मुद्दल मोडायचं नाही, व्याज फक्त याच कामाला, एखाद्या वर्षी योग्य कुणी मिळालं नाही तर ते व्याज मुद्दलात मिळवायचं. हे शेवटचं कलम सगळे विसरतात आणि मग कुणाला तरी दिलंच पाहिजे म्हणून दिलं जातं. संस्थेला दिलेल्या देणगीवर आयकरात सूट मिळत असेल तर देणगीदारांनी त्याचं सर्टिफिकेट मागून घ्या, रोख दोन हजाराच्या वर देऊ नका. नवीन टॅक्स रिजीमवाल्यांना त्याची सूट मिळत नाही हे पण आधीच सांगून टाका, नाहीतर मार्चमध्ये तुम्हालाच फोन येतील.

निपाणी_काठची:
मी पण एनएसएसची. दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचा कॅम्प, एवढं झालं की सर्टिफिकेट, ते सगळ्यांनाच मिळतं. म्हणून अर्जासोबत सर्टिफिकेटं मागवून निवड करू नका, हात जोडून सांगते.
२०१९ च्या ऑगस्टमध्ये दूधगंगा नदीचं पाणी गावात शिरलं तेव्हा शाळेत लोकांना ठेवलं होतं. आमच्यातला एक जण दिवसभर मोबाईल घेऊन, येणाऱ्या प्रत्येक टेम्पोसमोर उभा, पेपरात फोटो त्याचाच. आणि एक मुलगी होती, सेकंड इयरची, फार बोलायची पण नाही. तिनं पहिल्याच रात्री एक वही केली. प्रत्येक खोलीत जाऊन म्हाताऱ्या माणसांना विचारलं, गोळी कसली, बीपीची की शुगरची, पट्टी आहे की पाण्यात गेली, किती दिवसांची उरली. नाव, खोली, गोळीचा रंग (नाव कुणाला आठवतंय), आणि शेवटच्या रकान्यात 'संपली' किंवा तारीख. डॉक्टर आले तेव्हा त्यांना फक्त ती वही दिली. मग तिनंच आम्हाला खोल्या वाटून दिल्या, सकाळी तू इकडं, संध्याकाळी तू तिकडं, आणि आम्ही गुपचूप ऐकलं. तुमचा अर्ज त्या मुलीनं कधीच भरला नसता. तेव्हा अर्ज मागवू नका, नावं सुचवायला सांगा, ती पण फक्त प्राध्यापकांना नाही. जिथं कॅम्प झाला तिथल्या अंगणवाडीच्या बाईंना, शाळेच्या शिपायाला, बचत गटातल्या बायकांना विचारा की कॅम्प संपल्यावर परत कोण आलं होतं. उत्तर लगेच मिळतंय बघा.

बीए_दुसरं_वर्ष:
मी सध्याचा स्वयंसेवक, म्हणून माझं पण ऐका. आम्ही तिघं-चौघं जांबोटी भागातल्या एका गावात रविवारी जातो, तिथं बायकांचे गृहलक्ष्मीचे (घरच्या बाईला महिन्याला पैसे देणाऱ्या सरकारी योजनेचे) पैसे अडकलेले असतात, आधारवर नाव एक, रेशन कार्डवर दुसरं, फॉर्म आणि मेसेज सगळा कन्नडमध्ये आणि आज्जी मराठी शाळेत चौथी शिकलेली. आमच्यातल्या ज्यांना कन्नड नीट येतंय ते वाचून सांगतात, बाकीचे झेरॉक्स आणि रांगा. ह्याला लागतंय काय? बसचं भाडं, झेरॉक्स, दुपारचा नाष्टा. शक्ती योजनेमुळं पोरींना बस फुकट आहे, आम्हा पोरांना तिकीट काढावं लागतंय, त्यामुळं महिनाअखेरीला पोरं गळतात आणि पोरीच उरतात, हे खरं सांगतोय. मोमेंटो देऊन काय करणार, १४ हजारात आमचं वर्ष निघतंय. फक्त पैसे पोराच्या हातात एकदम देऊ नका. अर्धे जूनला, अर्धे दिवाळीनंतर पहिल्या अर्ध्याची बिलं बघून. आणि सहा पानी रिपोर्ट मागू नका, एनएसएसचे रिपोर्ट लिहिण्यातच आमचा जीव जातोय.

शहापूर_दादा:
शाल बंद केली तर पाहुणे कुठून येणार आणि पाहुणे नाही आले तर पेपरात कसं येणार 😀 गंमत सोडा, पण सरांच्या घरच्यांना वर्षातनं एकदा स्टेजवर बोलवावं असं मला वाटतंय. वहिनींना त्याचं बरं वाटेल. सगळंच बिलं आणि व्याज करू नका.

निपाणी_काठची:
@शहापूर_दादा पटतंय. कार्यक्रम ठेवा की, पण कॉलेजात नको, त्या वर्षी ज्या गावात काम झालं तिथल्या शाळेत. चहा आणि पोहे, झालं. वहिनींना तिथं बोलवा. आणि अर्ज असो की नाव सुचवणं, मराठी, कन्नड, इंग्रजी तिन्ही चालेल असं पहिल्याच ओळीत लिहा, नाहीतर आपल्याकडं त्याच्यावरनंच वाद सुरू होतोय आणि सर बाजूलाच राहतात.

वडगावकर_माजी_स्वयंसेवक:
सगळ्यांचे आभार. वहीची गोष्ट ग्रुपवर टाकली, शालवाल्या पार्टीतले दोघे गप्प झालेत, एक जण अजून पाहुण्यांची यादी करतोय. दोन शंका राहिल्या. एक, राणी चन्नम्मा विद्यापीठाच्या सगळ्या कॉलेजांना खुलं ठेवायचं की आमच्याच? दोन, मुद्दलात पुढं भर घालता येते काय? काही जण दरवर्षी थोडं थोडं देतो म्हणायलेत.

खानापूर_टॅक्सवाला:
१४ हजारात विद्यापीठभर जाऊ नका. बेळगावसोबत विजापूरकडची कॉलेजं पण त्यात येतात, नुसती नावं तपासायला माणसं लागतील. पहिली तीन वर्षं आपल्याच कॉलेजात चालवा. भर घालता येते, पण "वेळोवेळी येणारी देणगी मुद्दलात जमा" हे वाक्य आत्ताच ठरावात घाला, नंतर बदलायला गेलात तर परत संस्थेच्या मीटिंगची वाट बघत बसावं लागतंय. मसुदा झाला की इथं टाका, बघून देतो. पैसे घ्यायचे नाहीत, पोहे चालतील.