मदत हवी आहे: सांगली महापालिकेतल्या २०२१ च्या सत्तापालटाची कागदपत्रं कुठे मिळतील?

नमस्कार मंडळी. भाची मिरजेत राज्यशास्त्र शिकते, तिला सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेवर प्रकल्प करायचाय. विषय तिनेच निवडला, आणि निवडलाय तो गुंत्याचा. २०१८ ला ७८ पैकी ४१ जागा घेऊन भाजप इथे पहिल्यांदा सत्तेत आला. फेब्रुवारी २०२१ मध्ये मात्र महापौर झाला राष्ट्रवादीचा! मधे निवडणूक नाही, मतदार आपले घरीच. भाजपचे काही नगरसेवक फुटले हे टपरीवर सगळ्यांना पाठ आहे, पण प्रकल्पात तेवढं चालणार नाही.

तिची मुख्य अडचण अशी: पालिकेच्या खर्चाला मंजुरी देणाऱ्या स्थायी समितीत पक्षांना जागा संख्याबळानुसार मिळतात. मग महापौर एकाचा आणि तिजोरी दुसऱ्याच्या हाती असेल, तर खरी सत्ता कुणाची म्हणायची? पालिकेत काम केलेलं कुणी सांगेल का?

शिवाय महापौर निवडीच्या त्या सभेचं इतिवृत्त नगरसचिव कार्यालयात साध्या अर्जावर मिळतं की माहिती अधिकारच टाकावा लागतो? व्हिप (कुणाला मत द्यायचं हा पक्षाचा आदेश) मोडणाऱ्यांवर १९८६ च्या अनर्हता (म्हणजे अपात्रता) कायद्याखाली पुढे काय झालं, याची कात्रणं कुणाकडे असतील तर फोटो टाका. पक्षांची भांडणं इथे नकोत, प्लीज.