मदत हवी आहे: मल्टीत कुत्रीला लिफ्ट बंद, बाग बंद, आणि गणपती तोंडावर आलेत

नमस्कार मंडळी,

आम्ही इंदूरला रामबागेच्या बाजूला एका मल्टीत, म्हणजे बहुमजली इमारतीत, चौथ्या मजल्यावर राहतो. घरात मी, नवरा, सासूबाई आणि भिंगरी. भिंगरी देशी कुत्री आहे, वय पाचेक वर्षं. नसबंदी झालेली आहे, रेबीजची लस दरवर्षी वेळेवर होते, महापालिकेत नोंदणी आहे. पिल्लू असताना गाडीचा धक्का लागून तिचा मागचा एक खुबा दुखावला. सपाट रस्त्यावर चालताना कुणाला कळतही नाही, पण जिना उतरताना ती अडखळते आणि पावसाळ्यात जास्तच.

आमच्या रहवासी संघाच्या बैठकीत नुकताच ठराव झाला. कुत्र्यांना लिफ्टमधून न्यायचं नाही, मल्टीच्या बागेत आणायचं नाही, आणि घराबाहेर काढताना मुसकं बांधलेलंच पाहिजे. सह्यांनिशी कागद लिफ्टच्या दाराशी लागला आहे.

ठरावामागची कारणं मला खोटी वाटत नाहीत, म्हणून तीच आधी सांगते. कुणाकडे तरी पाहुण्यांबरोबर आलेल्या कुत्र्याने लिफ्टमध्ये घाण केली आणि ती तशीच राहिली. स्वच्छतेत देशात पहिलं येणारं शहर आपलं. इथे लोक रिकामं पाकीट हातात धरून कचरापेटी शोधतात, तर घरच्या लिफ्टमधली घाण त्यांना कशी चालेल? दुसरं कारण याहून मोठं आहे. दुसऱ्या मजल्यावरच्या मुलाला गल्लीतलं कुत्रं पोटरीला चावलं. सगळी इंजेक्शनं झाली, मुलगा बरा आहे, पण भिंगरी दिसली की त्याची आई त्याला पटकन मागे ओढते. भिंगरीने काही केलेलं नाही हे तिलाही माहीत आहे. तरी हात जातोच तिचा.

कायदा मी वाचला आहे. भारतीय जीव जंतु कल्याण बोर्डाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटलंय की रहिवाशांच्या संघटनेला बहुमतानेसुद्धा पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही, लिफ्ट आणि बाग नाकारता येत नाही, मुसक्याची सक्ती करता येत नाही. बागेच्या वेळा मात्र आपसांत बोलून ठरवाव्यात असं आहे. पट्टा लावणं, घाण उचलणं, लसी वेळेवर देणं याबद्दल मालकांनाही सूचना आहेत. राज्यघटनेच्या ५१क कलमात प्राणिमात्रांबद्दल दयाभाव हे नागरिकाचं मूलभूत कर्तव्य म्हणून दिलं आहे. दीर म्हणतात, हे सगळं छाप आणि सचिवांच्या हातात ठेव, विषय संपला.

पण माझा विषय तिथे संपत नाही. कागदाच्या जोरावर भिंगरी लिफ्टमध्ये येईल आणि बाकीचे बाहेर पडतील. तिला या लोकांतच राहायचंय. सासूबाई संध्याकाळी खाली बाकावर बसतात तेव्हा भिंगरी त्यांच्या पायाशी असते, त्या निमित्ताने चार जणी थांबून बोलतात. शेजारी हवेत मला, आणि ते भिंगरीचेही हवेत. म्हणून ज्यांनी सही केली त्यांनीच आपणहून ठराव बदलावा, असं काहीतरी घेऊन मला बैठकीत जायचंय. अर्जात काय लिहू? आमच्याकडून काय काय कबूल करू? दुसऱ्या मजल्यावरच्या त्या आईशी बोलू की थोडे दिवस नुसतं अंतर ठेवू?

आणि गणपती. आमचा मल्टीचा गणपती पार्किंगमध्ये बसतो. मराठी, माळवी, गुजराती सगळी घरं असतात. आरतीला भिंगरी जिन्याच्या खालच्या पायरीशी बसते. झांजांना ती सरावली आहे, ढोल-ताशाला नाही. अनंत चतुर्दशीला विसर्जनाचे ढोल आणि रात्रभर मिलांच्या झांक्या (गिरण्यांच्या सजवलेल्या देखाव्यांची मिरवणूक), त्या रात्री ती पलंगाखाली शिरून लाळ गाळत थरथरते. मग दिवाळी. मग रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग उधळत निघणारी मिरवणूक, ती तर आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. तिला सगळ्यापासून दूर कोंडून ठेवणं मला नको आहे, पण थरथरताना बघवतही नाही. आत्तापासून काही करता येईल का?

प्रसादाचंही सांगा. मुलं प्रेमाने देतात, मला नाही म्हणायला जड जातं.

महूकर:

ताई, मी पशुवैद्य आहे, महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलो. माझ्या भागाचं सांगतो.

आवाजाची तयारी आजच सुरू करा, कारण याला आठवडे लागतात. ढोल-ताशाचं रेकॉर्डिंग फोनवर अगदी बारीक आवाजात लावा, इतकं बारीक की तिचा कानही हलू नये, आणि त्याच वेळी तिच्या आवडीचं खायला द्या. बरेच दिवस तेवढाच आवाज. मग किंचित वाढवा. जांभया द्यायला लागली, ओठ चाटले, मान फिरवली, डोळ्यांचा पांढरा भाग दिसला, खाणं सोडलं, तर तुम्ही पुढे गेलात असं समजून आवाज कमी करा. घाई केलीत तर उलटं होतं, भीती पक्की होते.

विसर्जनाच्या दिवशी दुपारीच तिला फिरवून आणा. पलंगाखालची जागा तिने स्वतः निवडली आहे, ती तिचीच राहू द्या. तिथे सासूबाईंची जुनी साडी अंथरा, खिडक्या-पडदे लावा, पंखा आणि टीव्ही चालू ठेवा. जवळ घेतल्याने भीती वाढते हा गैरसमज आहे. ती जवळ आली तर खुशाल घ्या. एवढ्याने भागलं नाही तर भीती कमी करणारी औषधं आहेत, पण ती डॉक्टरांनी तपासून द्यायची, आणि पहिला डोस आधी एखाद्या शांत दिवशी देऊन बघायचा. काही औषधांनी फक्त अंग ढिलं पडतं, आतली भीती तशीच राहते. कुत्रं शांत दिसतं म्हणून घरचे समाधानी असतात आणि ते बिचारं हलताही न येता घाबरलेलं असतं. म्हणून दुकानातून विचारून आणलेली गुंगीची गोळी नको. गळ्यात तुमचा फोन नंबर असलेला बिल्ला त्या दिवसांत क्षणभरही काढू नका. आवाजाने बिथरून पळालेली कुत्री फार बघितली आहेत.

गेरीला तिला नेऊ नका. गुलाल डोळ्यांत-नाकात जातो आणि अंगावरचा रंग कुत्रं चाटून पोटात घेतं. घरी येऊन कुणी रंग लावलाच तर कोमट पाणी आणि सौम्य शाम्पू, रॉकेल वगैरे कधीही नाही.

प्रसाद: शिऱ्यातले बेदाणे कुत्र्यांना विषारी आहेत. थोड्या बेदाण्यांनीही काहींची मूत्रपिंडं निकामी होतात, आणि कुणाची होतील ते आधी सांगता येत नाही. चॉकलेटचे मोदक तसेच नकोत. कांद्याने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, म्हणजे आपल्या इंदुरी पोह्यांचा घासही नको. मुलांना नुसतं नाही म्हणू नका. उकडलेल्या रताळ्याच्या फोडी डब्यात घालून खाली ठेवा, भिंगरीचा प्रसाद म्हणून. देण्याचा आनंद त्यांना मिळतो.

मुसकं: तोंड आवळून बांधणारा पट्टा लावून फिरवणं धोक्याचं आहे. कुत्रं जीभ काढून धापा टाकूनच अंगातली उष्णता बाहेर टाकतं. उकाड्यात तोंड बंद झालं तर उष्माघात होऊ शकतो. हे बैठकीत सांगा. जाळीदार टोपलीसारखं मुसकं असतं, त्यात तोंड उघडतं, पाणी पिता येतं. दवाखान्यात किंवा अडचणीच्या वेळी उपयोगी पडतं म्हणून खाऊ देत देत त्याची सवय लावून ठेवा.

खुब्याचा एक्स-रे काढून डॉक्टरांचं पत्र घ्या. लिफ्ट ही तिची गरज आहे हे कागदावर आलं की चर्चेचा सूर बदलतो. वजन वाढू देऊ नका, गुळगुळीत फरशीवर सतरंज्या टाका. दुखतंय म्हणून माणसांची ब्रुफेन किंवा पॅरासिटामॉल अजिबात देऊ नका. आणि पावसाळा आहे, तेव्हा रोज कानामागे, बोटांच्या बेचक्यांत गोचीड शोधा. लेप्टोची (उंदरांच्या मूत्रातून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस रोगाची) लस झाली नसेल तर करून घ्या. साचलेल्या पाण्यात उंदरांचं मूत्र मिसळलेलं असतं.

सुदामानगरवाली:

मी कुत्र्यांना घाबरते. लहानपणापासून. तुमचा प्रश्न वाचून लिहावंसं वाटलं, कारण आम्हाला कुणी विचारत नाही.

"काही करत नाही हो ती" हे वाक्य मला ऐकायचं नसतं. मला हे हवं असतं की तुम्ही मला आधी पाहावं, पट्टा आखडता घ्यावा आणि कुत्र्याच्या व माझ्या मध्ये उभं राहावं. लिफ्टचं दार उघडल्यावर आत मी असेन तर "आम्ही पुढच्या खेपेला येतो" एवढं म्हणावं. आमच्याकडे एक काका असंच करतात. मी अजूनही त्यांच्या कुत्र्याला हात लावत नाही, पण आता त्यांच्याबरोबर एका लिफ्टमधून जाते.

त्या आईला भेटा, पण भिंगरीला घेऊन नको. मुलगा कसा आहे विचारा. तिची सगळी हकीकत ऐका, मध्ये आपल्या कुत्रीचं कौतुक नको. भेट घडवायची झाली तर ती म्हणेल तेव्हा, आणि मुलाने लांबून बघण्यापासून सुरुवात.

जुना सचिव:

माझ्या काळात आमच्या मल्टीतही हेच झालं होतं. कायद्याचा कागद जवळ ठेवा, पण बैठकीत तो शेवटी काढा. आधी तुमचं हमीपत्र वाचून दाखवा. त्यात लसीकरणाचा दाखला दरवर्षी संघाच्या दप्तरात देऊ, सामायिक जागेत पट्टा कायम मोठ्या माणसाच्या हातात राहील, लिफ्टमध्ये आधी आत असलेल्या माणसाला विचारू, घाण झालीच तर लगेच स्वतः धुऊ, आणि हे पाहुण्यांच्या कुत्र्यांनाही लागू. विष्ठा कागदाने उचलून घरच्या संडासात टाकायची आणि कागद वेगळा, हेही लिहा. तिच्यातून जंतांची अंडी पसरतात, म्हणून जंताचं औषध वेळेवर देता याचीही नोंद असू द्या. बागेसाठी मुलं नसतात अशी सकाळची वेळ तुम्हीच सुचवा. ठरावात दुरुस्ती मागा, रद्द करा म्हणू नका. सही केलेल्या माणसाला मागे यायला वाट राहते.

आणखी एक. गल्लीतल्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण झालं आहे का, याचा अर्ज संघाच्या नावाने महापालिकेला करायचं तुम्हीच अंगावर घ्या. त्या मुलाला चावलं ते कुत्रं बाहेरचं होतं, त्या आईच्या भीतीचं मूळ तिथे आहे. चावलं तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं जखम धुवायची, हळद-चुना-मिरची काही लावायचं नाही, आणि त्याच दिवशी लस घ्यायची, एवढं लिहून सूचनाफलकावर लावा. कुत्रा पाळणाऱ्या घराने हे लावलं की लोकांच्या लक्षात राहतं.

आरतीचं मला अगत्य आहे. आपल्या कृष्णपुऱ्याच्या दत्तमंदिरात आपण हात जोडतो तेव्हा पायाशी चार कुत्री असतातच, आणि तुपाची वाटी घेऊन कुत्र्यामागे धावलेल्या नामदेवांची गोष्ट आपण मुलांना सांगतो. तीच गोष्ट या गणपतीत मुलांकडून बसवून घ्या. मुलांचा कार्यक्रम म्हटला की आया येतात.

भिंगरीची आई:

सगळ्यांचे मनापासून आभार. सुदामानगरवाली ताई, तुमचा प्रतिसाद सासूबाईंना वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, दुसऱ्या मजल्यावर आधी मी जाते, तू मागून ये. उद्या दोघी जाऊ. महूकर, रेकॉर्डिंग लावून पाहिलं. अगदी बारीक आवाजालाही तिने कान टवकारले, खाणं मात्र सोडलं नाही. हे चालेल, की अजून कमी करू?

महूकर:

अजून कमी करा, किंवा फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. कान हलायचे थांबले की तिथून सुरुवात.

जुना सचिव:

अर्जाचा मसुदा इथेच टाका. मराठीत लिहिलात तरी चालेल, हिंदी मी करून देतो. संघाचं दप्तर हिंदीतच असणार.