आजीच्या रांजणाचा फोटो: वाबी-साबी कशी टिपू?

प्रश्न: यवतमाळकडच्या आमच्या गावात आजीचा रांजण आहे. काठ फुटका, तड्यावर सिमेंट, बुडाशी शेवाळ. मला तो फार सुंदर वाटतो, जपानी वाबी-साबीसारखा (जुन्या, अपूर्ण गोष्टींतलं सौंदर्य), पण मोबाईलच्या फोटोत नुसता मोडका दिसतो.

उत्तर: दुपारचं ऊन टाळा. सकाळचा तिरपा उजेड घ्या, फ्लॅश बंद. एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) थोडं कमी करा, सावली काळीच राहू द्या.

उत्तर: जपानी चहागुरू सेन नो रिक्यू (१५२२–१५९१) यांना हाताने घडवलेले साधे राकू पद्धतीचे मातीचे वाडगे आवडत. किंत्सुगी या फुटकी भांडी सांधायच्या जपानी कलेत तडा उरुशी झाडाच्या चिकाने सांधून वर सोन्याची भुकटी लावतात. सांधा दिसू देतात! तुमच्या सिमेंटवरच फोकस करा.

प्रश्नकर्ता: आज सकाळी काढला. आजी म्हणे, "थांब बाप्पा, पुसून देतो." पुसू दिलं नाही. तिचा हात काठावर आला, तो तसाच ठेवलाय.