फियाट 1100 (1968) आणि पद्मिनी (1984), दोन्ही बंद : दुरुस्त करून विकाव्यात की आहेत तशा?

शाहूपुरी_शेड
नमस्कार मंडळी. आजोबांच्या नावावरची 1968 ची फियाट 1100 डिलाइट आणि वडिलांची 1984 ची प्रीमियर पद्मिनी विकायची आहे. डिलाइटचं इंजिन जाम आहे, पण ग्रिल, बंपर, बिल्ले, काचा सगळं जागेवर. पद्मिनीचं इंजिन हाताने फिरतंय, पण फ्लोअरचा पत्रा सडलाय आणि क्रोमच्या पट्ट्या गायब आहेत. आरसी दोन्ही मूळ आहेत. आजोबा हयात नाहीत. पद्मिनीचं इंजिन डिलाइटमध्ये बसवून एक चालू गाडी केली तर किंमत जास्त येईल का?

उद्यमनगर_लेथ
भावा, इंजिन अजिबात हलवू नको. दोन्ही 1089 सीसीची, त्यामुळे बसेल, पण आरसीवरचा इंजिन नंबर जुळणार नाही आणि डिलाइटची खरी किंमत तिथंच पडेल. उलट पद्मिनीही बिनइंजिनाची होऊन भंगारात जाईल.

आधी डिलाइटचं इंजिन सोडवून बघ. चारही प्लग काढ, प्रत्येक सिलिंडरमध्ये अर्धं डिझेल अर्धं इंजिन ऑइल असं 25-30 मिली घाल आणि दोन-तीन दिवस तसंच राहू दे. मग प्लग न लावता स्टार्टिंग हँडलने मागे-पुढे हलकं हलव. अडलं तर जोर लावायचा नाही, परत तेल घालून थांबायचं. गाडी गिअरमध्ये टाकून टोचन करून ओढायची तर मुळीच नाही. गंजाने धरलेली पिस्टनची रिंग तुटते आणि सिलिंडरला चर पडतो. मग जे काम तेलावर भागलं असतं ते बोरिंग (सिलिंडर आतून कापून मोठा करणं) आणि ओव्हरसाइज पिस्टनवर जातं. सुटलं तर पुढचा खर्च करू नकोस, फिरतानाचा व्हिडिओ काढ. घेणाऱ्याला तेवढं पुरतं.

पद्मिनी सुरू करून दाखवायची असेल तर टाकीतलं पेट्रोल वापरू नको. जुन्या पेट्रोलचा डिंक आणि टाकीतला गंज कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये बसतो. इंजिन ऑइल बदल, बाटलीतून थेट पंपाला नळी दे. आणि ब्रेक लागतील असं गृहीत धरू नको, व्हील सिलिंडर आतून गंजलेले असतात. गाडी फ्लॅटबेड ट्रकवर चढवूनच हलवायची.

जुनी_पासिंग
इंजिनापेक्षा पत्रा महत्त्वाचा. या गाड्यांना वेगळी चेसिस नाही, बॉडीच भार घेते. दरवाज्याखालचा पत्रा, जॅक लावायची जागा, पेडलखालचं फ्लोअर, मागच्या पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) टेकू आणि डिक्कीत स्टेपनीखालचा खळगा इथे स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. एका बाजूने जॅक लावल्यावर दरवाजा अडकायला लागला तर खालचा पत्रा गेलाय, वर कितीही लांबी (पुट्टी) भरलेली असो. अशा जागांचे फोटो जाहिरातीत आधी टाका. लपवलेला सडका पत्रा रॅम्पवर दिसतोच आणि मग अख्ख्या गाडीचा भाव पाडून मागतात.

आता कागद. आजोबांच्या जागी तुम्ही फॉर्म 29 वर (गाडी विकल्याची आरटीओला द्यायची खबर) सही करू शकत नाही. आधी फॉर्म 31 ने गाडी वारसाच्या नावावर घ्यायची. मृत्यू दाखला, बाकी वारसांचं संमतिपत्र, थर्ड पार्टी विमा लागतो. इतका जुना नंबर सरकारच्या वाहन पोर्टलवर दिसत नसेल तर आरटीओत बॅकलॉग एंट्री (जुनी नोंद संगणकावर चढवणं) करून घ्यावी लागते, तोपर्यंत पुढचं काही सरकत नाही. पद्मिनीला सरळ फॉर्म 29 आणि 30 (नाव बदलण्याचा अर्ज).

डिलाइटला 50 वर्षं झालीत, म्हणून 2021 च्या नियमाप्रमाणे व्हिंटेज नोंदणी होऊ शकते: फी 20,000, मुदत 10 वर्षं. पण त्यासाठी गाडी मूळ रूपात लागते, म्हणजे इंजिन बदलण्याचा विषय इथेही संपला. शिवाय व्हिंटेज गाडी रोज रस्त्यावर आणता येत नाही, रॅली आणि प्रदर्शनापुरतीच. नोंदणीचं साधं नूतनीकरण 2025 पासून 20 वर्षांपुढच्या मोटारीला 10,000, पर्यावरण कर वेगळा. कुठला रस्ता धरायचा ते घेणाऱ्यावर सोडा, तुम्ही आधीच व्हिंटेज करून ठेवू नका.

शाहूपुरी_शेड
धन्यवाद. मग दोन्ही एकाच गिऱ्हाइकाला द्याव्यात का? आणि 2019 ला शेडमध्ये पाणी शिरलं होतं, चाकाच्या निम्म्यापर्यंत. सांगायचं का?

उद्यमनगर_लेथ
सांगायचंच. निम्म्या चाकाइतकं पाणी म्हणजे मागच्या हौसिंगमध्ये (मागच्या ॲक्सलच्या गिअरचं कवच) आणि ब्रेक ड्रममध्ये गेलं असणार. हौसिंगचा प्लग सोडून तेल बघ. दुधाळ निघालं तर पाणी शिरलंय, त्याच दिवशी काढून ताजं भर. दरवाज्याखालच्या पोकळीत गाळ साठलेला असतो, तो ओल धरतो आणि पत्रा आतून खातो.

कुर्ला_स्पेअर
एकत्रच द्या असं माझं मत. मुंबईत पद्मिनी टॅक्सी 2023 पर्यंत धावत होत्या, त्यामुळे ब्रेक किट, पिस्टन, क्लच प्लेट अजून मिळतं. डिलाइटचे बिल्ले आणि मूळ ग्रिल मात्र शोधूनही मिळत नाही. डिलाइट घेणारा पद्मिनी खात्रीच्या गिअरबॉक्ससाठी आनंदाने नेतो.

जुनी_पासिंग
इथे पटत नाही. जोडीने मागणारा पद्मिनीचा भाव भंगाराच्या वजनानेच लावतो, म्हणजे 900 किलोच्या आसपास. जाहिराती दोन टाका, दोन्हींत दुसरीचा उल्लेख करा, जोडीने घेणाऱ्याला थोडी सूट सांगा. सुटे भाग वेगवेगळ्या पेट्यांत, वर गाडीचं नाव लिहून. आणि पद्मिनी कुणी सुट्या भागांसाठी नेली तरी नाव बदलल्याशिवाय किंवा नोंदणी रद्द केल्याशिवाय सोडू नका. विक्रीची खबर 14 दिवसांत आरटीओला द्यायची असते. भंगारात द्यायचीच झाली तर नोंदणीकृत केंद्रातच द्या आणि गाडी जमा केल्याचं प्रमाणपत्र घ्या.