मदत हवी आहे : १९७०च्या दशकातल्या इन्शुरन्स पॉलिसीवर आज जमिनीच्या सफाईचा खर्च मिळतो का? (न्यू जर्सी)

नमस्कार मंडळी. अमेरिकेत व्यावसायिक जागा असलेलं किंवा इन्शुरन्समध्ये काम केलेलं कुणी इथे असेल तर कृपया वाचा.

माझ्या मामांची मिडलसेक्स काउंटीत चार दुकानांची बैठी इमारत आहे, १९९१ साली घेतलेली. कोपऱ्यातल्या दुकानात साठच्या दशकापासून १९९४पर्यंत ड्राय क्लीनर होता. आता मामांना कर्ज दुसऱ्या बँकेकडे न्यायचंय. त्या बँकेने माती आणि पाणी तपासायला लावलं, तर भूजलात पर्क निघालं. कपडे धुवायचं हे द्रावण पाण्यापेक्षा जड असतं. खाली जाऊन बसतं आणि वर्षानुवर्षं पाण्यात थोडंथोडं सुटत राहतं. शेजारच्या प्लॉटखालीही पोचलंय म्हणतात.

मामांनी थेंबही सांडलेला नाही, पण न्यू जर्सीच्या १९७६च्या स्पिल अ‍ॅक्टखाली सफाईची जबाबदारी जागेच्या मालकावर आली. जागा घेताना ड्राय क्लीनर समोर दिसत होता, त्यामुळे 'आम्हाला माहीत नव्हतं' हा बचाव टिकणार नाही, असं वकील म्हणतात. राज्याचा परवाना असलेला सफाई तज्ज्ञ (इथे त्याला एलएसआरपी म्हणतात) नेमलाय. त्याचा अंदाज ऐकून मामी दोन दिवस कुणाशी बोलल्या नाहीत.

मामांच्या स्वतःच्या पॉलिसींचा उपयोग नाही. १९८६पासून सर्वसाधारण दायित्व पॉलिसीत (आपल्यामुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर ते भरणारी) प्रदूषण सरसकट वगळलेलं असतं. पण आधीच्या मालकाच्या मुलाला गॅरेजमध्ये एक खोकं सापडलं. त्यात १९७२ ते ७५ या काळातल्या पॉलिसीचं फक्त पहिलं पान (नाव, मर्यादा, हप्ता), पुढच्या वर्षांची दोन सर्टिफिकेटं आणि हप्त्याचे वटलेले चेक आहेत. पूर्ण पॉलिसी एकही नाही.

प्रश्न असे :
पन्नास वर्षांपूर्वी संपलेल्या पॉलिसीवर क्लेम करता येतो का? पॉलिसी आमच्या नावावर नाही, तरी? आणि नुसत्या पहिल्या पानावर कंपनी दाद देईल का? आमचा वकील जागांच्या व्यवहारातला आहे, त्याला यातलं फारसं कळत नाही.

प्रतिसाद १
क्लेम्समध्ये आयुष्य गेलं माझं, कंपनीच्या बाजूने. आता निवृत्त आहे, त्यामुळे मोकळेपणाने लिहितो.

पॉलिसी संपली याने फरक पडत नाही. त्या काळच्या पॉलिसी 'घटना' धरून होत्या : नुकसान पॉलिसीच्या मुदतीत घडलं असेल तर क्लेम कधीही आला तरी ती लागू. पर्क १९७३मध्ये पाण्यात पोचलं होतं, हे तुमच्या भूजल तज्ज्ञाला दाखवावं लागेल. रोज थोडं गळणाऱ्या प्रदूषणात न्यू जर्सीची न्यायालयं पहिल्या गळतीपासून पुढच्या प्रत्येक वर्षाची पॉलिसी लागू झाली असं मानतात. मग वर्षं आणि मर्यादा बघून खर्च वाटला जातो. हा नियम १९९४च्या ओवेन्स-इलिनॉय खटल्यातला. तो खटला अ‍ॅस्बेस्टॉसचा होता, पण प्रदूषणालाही लावतात.

कंपनी पहिलं कलम काढेल ते 'अचानक आणि अपघाताने' झालेलंच प्रदूषण भरू, हे. १९७०पासून ते पॉलिसींना जोडलं जाऊ लागलं. हळूहळू गळणारं अचानक कसं, असा त्यांचा मुद्दा. पण विमा उद्योगाने तेव्हा राज्यांच्या नियामकांना सांगितलं होतं की हे नुसतं स्पष्टीकरण आहे, संरक्षण कमी होत नाही. १९९३मध्ये मॉर्टन इंटरनॅशनलच्या खटल्यात (बेरीज क्रीक या ओढ्यातला पारा) न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने हेच धरलं : तेव्हा तसं सांगितलंत, आता शब्दशः अर्थ लावून पळता येणार नाही. फक्त विमाधारकाने जाणूनबुजून सोडलेलं नसावं. सगळ्या राज्यांत असं नाही, तुमची जागा बऱ्या राज्यात आहे!

प्रतिसाद २
पॉलिसी नावावर नाही याची भीती नको. नुकसान घडून गेल्यावर त्या पॉलिसीचा हक्क दुसऱ्याला लिहून देता येतो, कंपनीची परवानगी लागत नाही. २०१७चा जिवोदाँ खटला बघा. तेव्हा त्या मुलाशी गोड राहा. :)

कागदांसाठी जुनी पॉलिसी शोधून देणारे व्यावसायिक आहेत, त्यांना इथे इन्शुरन्स आर्किऑलॉजिस्ट म्हणतात. त्याआधी स्वतः बघा : जुन्या मालकाच्या बँकेची कर्जाची फाईल, हिशेबनीस, एजंटचे वारस. बँका तारणासोबत पॉलिसीची प्रत मागत. पहिल्या पानावर फॉर्मचा नंबर छापलेला असेल. तो मजकूर त्या काळी बहुतेक कंपन्यांचा सारखाच असायचा, त्यामुळे आतला मजकूर सिद्ध करता येतो. कंपनीचं नाव बदललेलं असेल : एटना कॅज्युअल्टी १९९६मध्ये ट्रॅव्हलर्सकडे गेली, आयएनएच्या (इन्शुरन्स कंपनी ऑफ नॉर्थ अमेरिका) जुन्या जबाबदाऱ्या फिरत फिरत आज चबकडे आहेत. होम किंवा रिलायन्स या इथल्या विमा कंपन्यांपैकी असेल तर मात्र कठीण, दोन्ही दिवाळखोरीत गेल्या.

प्रतिसाद १ (पुन्हा)
एक राहिलं. स्वतःच्या जागेची माती या पॉलिसी भरत नाहीत, तिसऱ्याचं नुकसान भरतात. भूजल आणि शेजारचा प्लॉट हे तुमचं बलस्थान, ते एलएसआरपीच्या अहवालात ठळक येऊ द्या. आणि नोटीस आजच पाठवा. उशिराने नोटीस दिल्यामुळे आपलं खरोखर नुकसान झालं, हे इथे कंपनीला सिद्ध करावं लागतं. पण न विचारता खर्च केलात तर 'स्वेच्छेने केलेला खर्च' म्हणून हात वर करतील. वकील विमाधारकांच्या बाजूचाच घ्या. दायित्व पॉलिसीचा खटला जिंकलात तर न्यायालय वकिलाची फी कंपनीकडून देववू शकतं.

धागाकर्ता
खूप आभार दोघांचेही. मी त्या मुलाशी बोलले. तो हक्क लिहून द्यायला तयार आहे, पण बदल्यात 'वडिलांच्या भागीदारीकडून काहीही येणं नाही' असं (जुनी मालकी आणि पॉलिसी त्या भागीदारीच्या नावावर होती) मामांनी सही करून द्यावं म्हणतो. मामा आजच सही करायला निघालेत. करू देऊ का?

प्रतिसाद १
थांबवा त्यांना! भागीदारीचं देणंच संपलं तर कंपनी म्हणेल, आम्ही भरायचं कशासाठी? देणं कायम ठेवायचं, फक्त वसुली विम्यातूनच करू, मुलाच्या खिशाला हात लावणार नाही, असं लिहायचं. मसुदा वकिलाकडून करून घ्या, आणि कंपनीला नोटीस गेल्यावरच सही.