मदत हवी आहे: विमानाची काच पांढरी पडली, शनिवारच्या आत साफ करायची आहे

उशिरा_उठलो
नमस्कार. घरातल्या छोट्या विमानाच्या मॉडेलची काच काल रात्री चिकटवली. सकाळी पाहतो तर आतून दुधासारखी पांढरी. ओल्या फडक्याने पुसली, काही फरक नाही. शनिवारच्या आत पूर्वीसारखी करायची आहे. घरात नेलपॉलिश काढायचं लिक्विड आहे, ते चालेल का? फक्त हो की नाही सांगा. "नवीन घ्या" असं कृपया कोणी सांगू नका.

दोन_सेल
रिमोटवर उडणारं आहे ना? मोटर ब्रशलेस का? बॅटरी किती सेलची? कॅनपीला, म्हणजे पायलटवरच्या काचेला, हवा खेळायला भोक नसेल तर आत वाफ धरते. माझ्या फोमच्या विमानाला मी मागच्या बाजूने दोन भोकं पाडली, तेव्हापासून त्रास नाही. टेकऑफचं वजन किती भरतं तेही लिहा.

कानस
नाही! नाही! नेलपॉलिश रिमूव्हर त्या काचेजवळही नेऊ नका. त्यात बहुतेक वेळा ॲसिटोन असतं आणि जोडायच्या मॉडेलचं प्लास्टिक म्हणजे पॉलिस्टायरीन, ते ॲसिटोनमध्ये विरघळतं. काच साफ व्हायची राहिली बाजूला, लोणी होईल तिचं.
आता हे सांगा: कशाने चिकटवली? विमान कोणतं, स्केल काय, म्हणजे खऱ्याच्या किती पट लहान? रंगवलेलं आहे का?

उशिरा_उठलो
उडणारं नाही हो. प्लास्टिकचं, सुटे भाग जोडून करतात ते. सुपरग्लूने चिकटवली, आणखी कशाने चिकटवणार? स्पिटफायर आहे. स्केल माहीत नाही, तळहातावर मावतं.

कानस
मग कोडं सुटलं. सुपरग्लू सुकताना त्याची थोडी वाफ होते, हवेतल्या ओलाव्याशी तिची गाठ पडली की पांढरा थर बनून जवळच्या पृष्ठभागावर बसतो. उघड्यावर तो उडून तरी जातो, कॉकपिटसारख्या बंद डबीत जाणार कुठे? काचेच्या आत बसला. पारदर्शक भागांना सुपरग्लू लावत नाहीत ते याचसाठी. लाकडाचा पांढरा गोंद लावायचा, तो वाळला की दिसतही नाही.

ट्यूबवाला
अहो, आमच्या वेळी सुपरग्लू होताच कुठे! पिवळट ट्यूब, तिच्या टोकाला कायम एक तार लोंबत असायची. पंख जोडला की हाताला तार, हात टेबलाला लागला की टेबलाला तार. काचेवर अंगठ्याचा ठसा नाही असं एकही विमान आमच्या घरी नव्हतं. पण पांढरी कधी पडली नाही. सगळ्यात चांगला गोंद तोच, कोणी काहीही म्हणो.

पातळ_सिमेंट
कोणीतरी म्हणतंच मग. ट्यूबच्या गोंदाने प्लास्टिक विरघळतं, म्हणूनच ते ठसे उमटायचे, ती काही आठवणींची नक्षी नव्हे. पातळ सिमेंट, म्हणजे मॉडेलचा पाण्यासारखा गोंद, ब्रशने फटीवर टेकवलं की आपोआप आत ओढलं जातं, दोन्ही कडा वितळून एकजीव होतात. ट्यूबवाले अजून गोंदाचे डोंगर रचतात.

ट्यूबवाला
डोंगर असू दे, माझी विमानं अजून लटकत आहेत. तुमच्या पातळ सिमेंटची बाटली उलटली की अख्खं किट एकजीव. अनुभव आहे.

नकाशा
अवांतर: स्पिटफायर आहे म्हणता, तर पोटाचा रंग कोणता? दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला ब्रिटिश लढाऊ विमानांचा डावा पंख खालून काळा आणि उजवा पांढरा असायचा. 1940 च्या जूनपासून 'स्काय' हा फिकट हिरवट रंग आला. बाजारातल्या काही डब्यांवरची चित्रंही याबाबतीत दिशाभूल करतात.

उशिरा_उठलो
पोटाचा रंग कोणी विचारला? काच.

कानस
सोडा त्यांना. काच अजून जागेवर चिकटलेलीच आहे ना? आधी सुटी करावी लागेल, थर आतल्या बाजूला आहे. अख्खं विमान पिशवीत गुंडाळून दोन-तीन तास फ्रीझरमध्ये ठेवा. थंडीने सुपरग्लू ठिसूळ होतो. ओढलं तर तो दाद देत नाही, पण आडवा दाब दिला की तुटतो. बाहेर काढल्या काढल्या पातळ पातं फटीत घालून हळूच बाजूला पीळ द्या.

बिनधास्त_बुधवार
फ्रीझर कशाला? उकळत्या पाण्यात बुडवा, पाच मिनिटांत सुटेल.

कानस
हो, आणि पंखांचं वळलेलं पापड मिळेल. पॉलिस्टायरीन उकळत्या पाण्यात मऊ पडतं. उशिरा_उठलो, यांचं ऐकू नका.

स्प्रेवाली
मला वाटतं एवढी खटपट करताय तर रंग फवारायचा एअरब्रश घ्याच. ड्युअल ॲक्शनचा घ्या, सिंगल घेऊन पस्तावाल. नळी आणि कॉम्प्रेसर यावर मी सविस्तर लिहू शकते.

उशिरा_उठलो
एअरब्रश नको. काच काढणं धोक्याचं आहे. तिच्यावरच्या पट्ट्या हाताने रंगवलेल्या आहेत, त्या गेल्या तर उपयोग नाही.

नकाशा
पट्ट्या? किती?

उशिरा_उठलो
बऱ्याच. जाळीसारख्या. पुढे तीन-चार, मग सरकणाऱ्या भागावर पुष्कळ.

नकाशा
थांबा. स्पिटफायरची सरकणारी काच फुगीर आणि जवळजवळ सलग असते. एवढ्या पट्ट्या नसतात. विमान पालथं करून बघा: चाकं दुमडून बसायचे खड्डे पोटाच्या मधोमध जवळजवळ आहेत की बाहेर पंखात? आणि एका पंखाच्या टोकापासून दुसऱ्या पंखाच्या टोकापर्यंत पट्टीने मोजा.

उशिरा_उठलो
खड्डे मधोमध. 17 सेंटिमीटरला जरासं कमी. शेपटीकडे अंगावर लांबीच्या दिशेने रेघा आहेत, कापड ताणल्यासारख्या. याचा काचेशी काय संबंध?

नकाशा
संबंध एवढाच की तुमच्याकडे स्पिटफायर नाही. हरिकेन आहे, त्याच काळातलं दुसरं ब्रिटिश लढाऊ विमान. 1:72 स्केलमध्ये स्पिटफायरचा पंखविस्तार साडेपंधराच्या थोडा पुढे येतो, हरिकेनचा 16.9. हरिकेनची चाकं आत दुमडतात, स्पिटफायरची बाहेर. रेघा म्हणताय तेही बरोबर, हरिकेनचा मागचा धड कापडाने मढवलेला असायचा. आणि यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. ब्रिटनच्या लढाईत, म्हणजे 1940 च्या हवाई लढाईत, हरिकेनने पाडलेली विमानं स्पिटफायरपेक्षा जास्त होती, नाव मात्र दुसऱ्याचं झालं.

ट्यूबवाला
माझं पहिलं विमान हरिकेनच! चाकं फिरती ठेवायच्या नादात गोंद लावलाच नाही, एक चाक कुठे गेलं ते आजवर सापडलं नाही. मेणबत्तीवर स्प्रू, म्हणजे सुटे भाग ज्याला जोडलेले येतात ती प्लास्टिकची काडी, तापवून ओढायचा, केसासारखी तार निघायची, ती अँटेना. डोळ्यांच्या पापण्या जळल्या एकदा.

उशिरा_उठलो
हरिकेन?? दादा तर स्पिटफायरच म्हणायचा.

कानस
दादा? हे विमान तुमचं नाही का?

उशिरा_उठलो
दादाने केलेलं. मी सात वर्षांचा होतो. दोऱ्याने छताला टांगलेलं, हात लावायचा नाही असा नियम. तो शाळेत असताना खुर्चीवर खुर्ची ठेवून उतरवलं आणि काच निघाली. मी ती कंपासपेटीत लपवली आणि विमान जसंच्या तसं टांगलं. खालून दिसत नाही. दादाला कधी कळलंच नाही, निदान तो काही बोलला नाही. सामान आवरताना कंपासपेटी सापडली. विमान माझ्याकडेच होतं, खोक्यात. शनिवारी दादा येतोय, फार वर्षांनी. आत पायलट आहे, त्याला दादाने रंगाने चष्मा रंगवलाय. मला तेव्हा नुकताच चष्मा लागला होता. काच पांढरी असेल तर तो दिसत नाही. म्हणून नवीन काच नको आहे.

स्प्रेवाली
हे पहिल्याच ओळीत सांगायचं ना राव.

कानस
बरं. मग नीट ऐका. पट्ट्या बाहेरच्या बाजूला आहेत, थर आतल्या. म्हणजे बाहेरून काहीच करायचं नाही. फ्रीझर, मग पीळ. सुटली की टूथपिकला कापूस गुंडाळा, साधी पांढरी टूथपेस्ट घ्या, जेल नको, आणि आतून गोल गोल घासा. हलका हात. पाण्याने धुवा, वाळवा. तरी धुरकट राहिली तर पाण्यात मिसळणाऱ्या चकचकीत ॲक्रिलिक वार्निशमध्ये बुडवा, कोपरा टिश्यूला टेकवून जास्तीचं निथळू द्या आणि वाटीखाली झाकून रात्रभर ठेवा. बारीक ओरखडे त्यात बुजतात. चिकटवताना पांढरा गोंद, तोही सुईच्या टोकाएवढा.

पातळ_सिमेंट
सहमत. चिकटवायला माझंही सिमेंट नको, काचेला तडे जातील.

ट्यूबवाला
यांनी सिमेंट नको म्हणणं म्हणजे धाग्याची कमालच झाली.

उशिरा_उठलो
(शुक्रवार, रात्री साडेअकरा)
फ्रीझरमधून काढून पीळ दिला, "टक्" आवाज आला, जीव वर आला होता. मागच्या कडेचा तांदळाच्या कणीएवढा टवका उडाला, बाकी शाबूत. चार वेळा घासली. वार्निश नव्हतं, वेळही नव्हता. उजवीकडून अगदी स्वच्छ, डावीकडे कोपऱ्यात थोडं धुकं आहे. पट्ट्या राहिल्या. पायलट दिसतो. चष्म्याची एक काच दुसरीपेक्षा मोठी आहे, हे मला आठवत नव्हतं. सगळ्यांचे आभार, विशेषतः कानस.
आता एकच प्रश्न. दादाला हरिकेन आहे हे सांगायचं का?

नकाशा
अर्थात. चुकीची माहिती पुढे जाऊ नये.

ट्यूबवाला
खुळे आहात का. काच तुटल्याचं सांगा, ते पुरे.

कानस
त्याला टूथपिक आणि टूथपेस्ट द्या. डावा कोपरा त्यालाच घासू दे.

दोन_सेल
वजनाचं राहिलंच.